मोठ्या बुटांना हलके क्रॅम्पॉन घेताना

अरे ४७ नंबरचा बूट असेल तर क्रॅम्पॉनचं (बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली बांधायचे दाते) आधी वजन नको बघूस, त्याचा पुढचा-मागचा भाग जोडणारी मधली पट्टी बघ, कारण बरेचदा सोबत येणारी पट्टी एवढ्या बुटाला पुरत नाही आणि लाँग बार, म्हणजे लांब पट्टी, वेगळा घ्यावा लागतो, आणि तोही त्याच कंपनीचा घे. बूट दुकानात घेऊनच जा. पट्टा न आवळता बूट उचलून हलव, क्रॅम्पॉन निसटला तर फिटिंग चुकलंय, पुढचे दाते साधारण दोन सेंटीमीटर बाहेर दिसले पाहिजेत.

ॲल्युमिनियमचे खरंच हलके असतात, नुसत्या बर्फावर मस्त चालतात, पण खडकावर घासले की दाते लगेच बोथट होतात, त्यामुळे हिमाचलमधल्या फ्रेंडशिप पीकसारख्या शिखरावर, जिथे मध्येच दगड लागू शकतात, तिथे मी तरी स्टीलचेच घे म्हणेन. बुटाच्या टाचेला क्लिप अडकवायची खाच नसेल तर सरळ पट्ट्यावाले घे, क्लिपवाले बसणारच नाहीत.