ग्रुपमधून काढले म्हणून आलेली नोटीस

प्रश्न: सेलू तालुक्यातील एक वाचक जिल्हा परिषदेच्या एका महिला उमेदवाराच्या प्रचाराचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतात. एक सदस्य रोज रात्री "पाणंद रस्त्याचे काय झाले?" एवढेच विचारत असे. दुसऱ्याने उमेदवाराचा जोडाजोड केलेला अश्लील फोटो टाकला. दोघांनाही 'ट्रोल' म्हणून काढल्यावर पहिल्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाल्याची नोटीस वकिलामार्फत पाठवली. कार्यकर्ते दोघांवरही गुन्हा नोंदवा म्हणतात, तर ॲडमिन म्हणून आपणच अडकू, अशी भीती वाचकांना वाटते.

उत्तर: आपण दोघांना एकाच शब्दात बसवले आणि अडचण तिथूनच सुरू झाली. 'ट्रोलिंग' नावाचा गुन्हा भारतीय न्याय संहितेत नाही. कोणी नेमके काय, कोणाविषयी आणि कोणत्या हेतूने लिहिले, हे कायदा पाहतो.

आधी नोटिशीविषयी. राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) मधील हक्क मुळात शासनसंस्थेविरुद्धचा आहे. २०२३ मधील कौशल किशोर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने हा हक्क इतरांविरुद्धही बजावता येतो असे म्हटले आहे, हे खरे. तरी एखाद्याला खासगी प्रचाराच्या ग्रुपमध्ये ठेवलेच पाहिजे, अशी सक्ती त्यातून निघते असे मला वाटत नाही. हाच प्रश्न पारावर, सभेत किंवा स्वतःच्या फोनवरून विचारण्यास आपण त्यांना अडवलेले नाही, असे थोडक्यात उत्तर वकिलामार्फत मुदतीत द्यावे.

परंतु त्यांच्यावर गुन्हा नोंदवण्याचा विचार कृपया सोडून द्या. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील साध्या मजकुरावरून अटक झाली, त्यानंतर श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरले. एखादा मजकूर त्रासदायक वाटणे एवढ्यावर गुन्हा होत नाही, हे त्या निकालाने स्पष्ट केले. पावसाळ्यात शेतापर्यंत बैलगाडी जात नाही म्हणून तोच प्रश्न रोज विचारणारा माणूस मतदार आहे. त्याला पुन्हा ग्रुपमध्ये घेऊन उमेदवारांनी स्वतः उत्तर द्यावे, असे माझे मत आहे. कायदा तशी सक्ती करत नाही.

फोटो टाकणाऱ्याची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान हा संहितेच्या कलम ७९ खालील गुन्हा असून अश्लील मजकूर प्रसारित केल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली पहिल्या दोषसिद्धीस ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत, त्यामुळे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय फिर्याद नोंदवून तपास करता येतो. केवळ बदनामीचे कलम ३५६ लावले, तर मात्र ते अदखलपात्र असल्याने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागेल.

आपल्या पत्रातील एका वाक्याने मला खरी काळजी वाटली: "सर्वांना कळावे म्हणून तो फोटो मी पदाधिकाऱ्यांच्या ग्रुपवर पाठवला." कलम ६७ पुढे पाठवणाऱ्यालाही लागू होऊ शकते, आणि ज्या बाईंच्या बाजूने आपण उभे आहात त्यांचीच विटंबना त्यामुळे वाढते. ही गोष्ट पोलिसांपासून लपवू नका. जबाबात स्वतःहून सांगा आणि तो फोटो यापुढे कोणालाही पाठवू नका. फोन नंबर व वेळ दिसेल असे मूळ संदेशाचे स्क्रीनशॉट घ्या, ग्रुपचे चॅट एक्सपोर्ट करा आणि तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याला त्याचाच आधार लागेल.

ॲडमिनच्या जबाबदारीविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये किशोर तरोणे प्रकरणात दिलासा दिला आहे: समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट असल्याखेरीज सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिन दोषी ठरत नाही. मात्र त्या निकालानंतर व्हॉट्सॲपने ॲडमिनला इतरांचे संदेश पुसण्याची सोय दिली, त्यामुळे दिसूनही मजकूर तसाच ठेवला, असा युक्तिवाद आता होऊ शकतो. आपल्याकडे तो फोटो रात्रभर राहिला होता. तो पहिल्यांदा केव्हा पाहिला, ती वेळ आठवून आताच लिहून ठेवा.

फिर्याद उमेदवारांच्या संमतीने, शक्यतो त्यांनी स्वतः द्यावी, आणि त्या कागदावर पाणंद रस्त्याविषयी विचारणाऱ्याचे नाव येऊ देऊ नये.