वजन 'कमी केले' की 'उतरले'?

प्रश्न (फोंडा): मोटर न्यूरॉन आजाराच्या (यात स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या चेतापेशी निकामी होत जातात) रुग्णांचे वजन का घटते, यावरच्या संशोधनाची प्रश्नावली गोव्यातल्या मराठी वाचणाऱ्या रुग्णांसाठी तयार करतो आहोत. 'वेट लॉस'ला 'वजन कमी करणे' चालेल का? आणि स्नायू बारीक होत जाण्याला 'स्नायुक्षय' लिहावे का?

'वजन कमी करणे' अजिबात नको. मराठी क्रियापद लगेच सांगून टाकते की गोष्ट केली की झाली. 'सहा महिन्यांत वजन कमी केले का?' असे विचारलेत, तर सहा किलोंनी घटलेला रुग्णही 'नाही' लिहील आणि ते खरेच असेल. त्याने काही केलेलेच नाही. आपल्याकडे नेमकी जोडी आहे: 'वजन आपोआप उतरले, की ठरवून उतरवले?' 'बारीक झालात का?' हेही टाळा, त्यात कौतुक ऐकू येते. 'खंगणे'मध्ये काळजीने झुरणे मिसळलेले असते.

'स्नायुक्षय'ही नको. 'क्षय' म्हटले की कानावर टीबीच येतो. 'झीज' गुडघ्याची वाटते. 'हात सुकला', 'पोटऱ्या सुकल्या' हे गोव्यात कुणालाही कळेल. शास्त्रीय शब्द हवाच असेल तर 'स्नायुशोष' घ्या. 'शोष' आणि 'सुकणे' दोन्ही 'शुष्' धातूचेच.

मात्र सुकणे आणि वजन उतरणे एकाच प्रश्नात घालू नका. या आजारात स्नायू सुकतात, गिळणे जड होते, भूक मरते आणि बऱ्याच रुग्णांचे शरीर स्वस्थ बसूनही नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा जाळते. उलट पायांवर सूज असली तर काटा घट दाखवतच नाही.

'जेवण कमी झाले का?' हा प्रश्नही फोडायला हवा. 'भूक लागत नाही', 'हात तोंडापर्यंत जात नाही', 'गिळवत नाही', 'पाण्याने ठसका लागतो', 'जेवता जेवता थकायला होते' ही पाच वेगळी कारणे आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. 'काय जेवता?' याचे उत्तर 'पेज' आले तर तिथे थांबू नका. पातळ की घट्ट, किती वाट्या, तूप किंवा नारळाचा रस घालता का, हे विचारा. निवळ पेजेत ऊर्जा फार थोडी, शिवाय पातळ पदार्थानेच ठसका लवकर लागतो.

'पूर्वीचे वजन' हा शब्दप्रयोग मोघम आहे. 'आजार जाणवू लागण्यापूर्वीचे वजन' लिहा. निदान व्हायला अनेकदा वर्षभर जाते; निदानाच्या दिवसापासून मोजलेत तर त्याआधीची घट हिशेबातून निसटेल. हिशेब असा: पूर्वीच्या वजनातून आजचे वजा करा, उरेल त्याला पूर्वीच्या वजनाने भागा, 100ने गुणा. 60चे 54 किलो झाले तर घट 10 टक्के. इतकी घट गंभीर मानतात.

चाकाच्या खुर्चीवरच्या रुग्णासाठी 'खुर्चीसकट वजन' आणि 'रिकाम्या खुर्चीचे वजन' अशा दोन चौकटी ठेवा. वजाबाकी तुम्ही करा, घरच्यांवर सोपवू नका.