तारखेचा शिक्का मिळतो, मालकी नाही

प्रश्न : मी दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते. एक कंपनी दर चित्रामागे ८०० रुपये घेऊन ‘ब्लॉकचेन कॉपीराइट प्रमाणपत्र’ देते. ते घेतलं की सरकारी नोंदणी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. घ्यावं का? — एक चित्रकार, कोल्हापूर

उत्तर : नको. चित्र पूर्ण झालं की कॉपीराइट आपोआप निर्माण होतो, नोंदणीची सक्तीच नाही. तरी लोक नोंदणी करतात ती कॉपीराइट कायद्याच्या कलम ४८ साठी : कॉपीराइट कार्यालयाच्या नोंदवहीतला तपशील कोर्ट प्रथमदर्शनी पुरावा मानतं. खासगी कागदाला तो मान नाही. चित्रासाठी सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. चित्र मालाच्या वेष्टनावर वगैरे जाणार असेल तर २,०००. अर्ज नमुना १४ मध्ये भरायचा, डायरी क्रमांक (अर्जाचा पोच क्रमांक) मिळाला की हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली, मागाहून बदलणं जवळपास अशक्य असलेली नोंदवही. तिच्यावरून एवढंच सिद्ध होतं की ही फाइल अमुक तारखेला होती. कोणी काढली, ते नाही. तुमचं चित्र चोरणाराही त्यावर आजचा शिक्का मारून घेऊ शकतो! म्हणून लेयर असलेली मूळ फाइल, कच्ची रेखाटनं आणि संपादकांशी झालेल्या मेल जपून ठेवा. खरी मदार त्यांच्यावर.

शिक्का हवाच असेल तर ओपनटाइमस्टॅम्प्स या साइटवर फुकट मिळतो. फाइल निवडली की ब्राउझरमध्येच तिचा शा-२५६ हॅश, म्हणजे ६४ अक्षर-अंकांचा ठसा, निघतो. चित्र तुमच्या संगणकाबाहेर जात नाही. असे अनेक हॅश एकत्र गुंफून त्यांचा एकच हॅश बिटकॉइनच्या ब्लॉकचेनमध्ये जातो. लगेच मिळणारी ‘ओटीएस’ पावती कच्ची असते. काही तासांनी ती पुन्हा त्याच साइटवर टाकून पक्की करून घ्यावी लागते, आणि नेमकं हेच बहुतेक जण विसरतात. ब्लॉकचेनवरची वेळ तास-दोन तास मागेपुढे असू शकते, तेव्हा भिस्त तारखेवर ठेवा, मिनिटांवर नको.

फाइल मात्र जशीच्या तशी राहिली पाहिजे. फोटोशॉपमध्ये उघडून पुन्हा ‘सेव्ह’ केली किंवा व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली, की हॅश बदलतो आणि पावती जुळत नाही. शिक्का मारलेली प्रत आणि पावती एकाच फोल्डरमध्ये, दोन ठिकाणी ठेवा.

प्रकरण कोर्टात गेलंच तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, हे लिहायची जागाच आहे. भाग ‘अ’ तुम्ही भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. चीनमध्ये हांगझौच्या इंटरनेट कोर्टाने जून २०१८ मध्ये ब्लॉकचेनवरचा पुरावा स्वीकारला, पण तो गोळा कसा केला हे तपासूनच.

कंपनीवर विसंबू नका याला आणखी एक कारण आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने मे २०२० मध्ये ‘वायपो प्रूफ’ ही तारीख-शिक्क्याची सेवा (ब्लॉकचेनवरची नव्हे) सुरू केली आणि ३१ जानेवारी २०२२ ला बंद केली. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत!

प्रश्न : चित्राचा एनएफटी (ब्लॉकचेनवर नोंदवलेलं टोकन) विकला तर हक्कही गेले का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी करार आणि तुमची सही लागते. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. टोकन विकताना पानाच्या तळाशी असलेल्या अटी मात्र वाचा; परवाना तिथे दडलेला असतो.