पुणे ते नागपूर विमानाने किती अंतर आणि किती वेळ?

लोहगाव (पुण्याचा विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचा विमानतळ) हे हवाई अंतर सरळ रेषेत साधारण 605 किमी आहे. रस्त्याने हेच 700 किमीच्या वर जातं आणि रेल्वे दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेते, त्यामुळे तिचं अंतर 880 किमीच्या आसपास.

तिकिटावर सव्वा ते दीड तास लिहिलेला दिसेल, पण प्रत्यक्ष हवेत विमान तासभरच असतं. बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि उतरल्यावर थांब्यापर्यंत येण्यात जातो. जेट विमानाचा वेग ताशी 800 किमीच्या पुढे असला, तरी एवढ्या छोट्या टप्प्यात चढण आणि उतरण यातच बराच वेळ निघून जातो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे असतात, म्हणून नागपूरकडे जाताना थोडी मिनिटं वाचतात, परतीला तेवढी जास्त लागतात.

लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, म्हणून विमानातून तिथले फोटो काढू नका. आणि पुण्यातली वाहतूक धरून घरातून निदान तीन तास आधी निघा. घर ते घर हिशोब केला तर पाच-साडेपाच तास धरावेत. तरीही रात्रभराच्या बसपेक्षा, विशेषतः सोबत वयस्कर आई-वडील असतील तर, मी विमानच सुचवेन.