वाढीव खोलीला काच किती?

आधी दिशा ठरवा, मग माप. परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात पश्चिमेची काच म्हणजे भट्टीच. दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं, छज्जा ते अडवत नाही. तिकडे काच नकोच. उत्तरेला मोठी खिडकी बिनधास्त घ्या. दक्षिणेला दोन फुटी छज्जा हवाच.

१२ बाय १५ च्या खोलीला १८ ते २७ चौरस फूट काच पुरते, म्हणजे ४ बाय ३ च्या दोन खिडक्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, वारा तेवढाच धरा.
- पडदा आतून लावला तरी उष्णता आत आलेलीच असते. बाहेरून चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) किंवा शेडनेट बांधा.
- टफन्ड काच (तापवून मजबूत केलेली) नंतर कापता येत नाही. प्लास्टर झाल्यावरच माप द्या.

डबल काचेचा (दोन काचा, मध्ये पोकळी) विचार सध्या बाजूला ठेवा.