मंगळवारचा बाजार, प्लासेन्सियाचा

प्रश्न : ताई, माहा पोरगा माद्रिदले शिकून राहिला, मे महिन्यात आम्ही दोघं नवराबायको त्याच्याकडं जाऊन राहिलो. त्याच्या लिस्टमध्ये सगळे म्युझियम अन् राजवाडे. मले तिकडच्या जुन्या गावातला आठवडी बाजार पाहाचा आहे, आमच्या घरी मिरचीच पिकते, बाजाराबिगर मले गावच समजत नाही. कुठं जाव अन् कसं वागाव? आम्ही शाकाहारी आहो.
— एक काकू, भिवापूर तालुका

उत्तर : काकू, प्लासेन्सियाला जा, अन् मंगळवार धरूनच जा. माद्रिदहून ट्रेननं तीनेक तास लागतात, म्हणून सोमवारीच मुक्कामाला पोचा. आल्फोन्सो आठवा या राजानं 1186 मध्ये वसवलेलं गाव आहे, तटबंदी आहे, एकाला एक चिकटून जुनं अन् नवं अशी दोन कॅथेड्रल आहेत, आणि मंगळवारचा बाजार पार त्या जुन्या काळापासून मधल्या चौकातच, प्लासा मायोरमध्ये भरतो. सकाळीच जा, दुपारी दोनच्या आसपास सगळे आवरायला लागतात.

वागायचं म्हणाल तर फळं-भाजी स्वतः चिवडू नका, बोट दाखवा, दुकानदार काढून देतो. रांग दिसत नसली तरी असते, आल्यावर शेवटचं कोण ते विचारायचं अन् त्याच्यामागं आपला नंबर. भाजीत भाव करत नाहीत. सुटे युरो जवळ ठेवा. जवळच्या खेर्ते खोऱ्यातली चेरी मेमध्ये यायला लागते, ती घ्याच.

पण तुम्हाला खरं पाहायचं आहे ते पिमेंतोन, म्हणजे शेजारच्या ला वेरा भागातलं लाल तिखट. मिरची मुळात अमेरिकेतली, कोलंबसाच्या सफरींनंतर स्पेनमध्ये आली अन् पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे. आपण तोडा झाला की उन्हात पसरतो, तिथं तोडणीच्या वेळी, ऑक्टोबरात, पाऊस असतो, मग ऊन कुठून आणायचं? म्हणून खाली ओकचं लाकूड धुमसत ठेवतात अन् वर जाळीच्या माळ्यावर मिरची, दहा-पंधरा दिवस, रोज हातानं उलथापालथ करत. दळतात हळूहळू, दगडी जात्यावर, तिखट तापलं तर रंग जातो हे तुम्हाला सांगायला नकोच. डबा उघडला की आधी धुराचा वास येतो. दुल्से म्हणजे गोडसर, आग्रिदुल्से मधलं, पिकांते तिखट, पण ते पिकांतेसुद्धा भिवापुरीपुढं काहीच नाही हो, फार तर रंग अन् वास. मला विचाराल तर दुल्से घ्या, वांग्याच्या भरतात लय जमतं.

शाकाहारी आहात म्हणून एक जपा, तिकडं टांगलेलं डुकराचं मांस सगळीकडं असतं अन् साध्या दिसणाऱ्या मिगास या ब्रेडच्या पदार्थातही ते घालतात, तर विचारल्याशिवाय खाऊ नका. तोर्ता देल कासार मात्र बिनधास्त घ्या. मेंढीच्या दुधाचं चीज आहे, दूध फाडायला जनावराच्या पोटातलं काही न घालता काटेरी रानफुलाचा अर्क वापरतात. वरचं झाकण कापून आतलं मऊ चीज ब्रेडला लावून खायचं, किंचित कडसर लागतं.

तिखटाचे डबे सीलबंदच घ्या अन् मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत पावडर दिसली की एअरपोर्टवर उघडून पाहत बसतात.