पाव्हण्यांना काय म्हणून सांगायचं?

सांगलीत विश्रामबागेतील माझ्या समुपदेशन कक्षात अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो: एम.एस्सी. झालेल्या मुलीला पीएच.डी. करू द्यावी का? त्याच्या पोटात बहुतेक वेळा लग्नाचा प्रश्न असतो. पलूस तालुक्यातील एक कुटुंब आले (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत), तेव्हा चिंता याच्याही एक पायरी पुढची होती. मुलगी प्राणीशास्त्रात एम.एस्सी. झालेली, राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळवलेली आणि मुंबईच्या एका प्रयोगशाळेत शुक्राणूंच्या कार्यावर संशोधन करण्याची संधी हाताशी असलेली. वडिलांनी हे सगळे अभिमानाने सांगितले, फक्त विषयाचे नाव तोंडातून काढले नाही. “डॉक्टरकीपैकीच काहीतरी आहे,” एवढे म्हणून त्यांनी आवाज खाली आणला. “मॅडम, पाव्हण्यांना काय म्हणून सांगायचं?”

पोटापाण्याची शंका लवकर मिटली. 2023 पासून ही छात्रवृत्ती पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. शिवाय 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानंतर नोंदणीकृत टेस्ट ट्यूब बेबी केंद्रांना भ्रूणतज्ज्ञ ठेवावाच लागतो. अडचण विषयाच्या नावाचीच होती.

घरी दहा म्हशी आहेत असे कळल्यावर मी सहज विचारले, की म्हैस माजावर आली की काय करता? मग त्यांची वाणी मोकळी झाली. डॉक्टर नायट्रोजनच्या टाकीतून गोठवलेल्या रेताची पाव मिलीलिटरची कांडी कशी काढतात, ती 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट कशी धरतात, घाईत कोमट पाणी अंदाजाने घेतले तर म्हैस कशी उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, हे त्यांनी बायको आणि मुलीसमोर, जराही न अडखळता सांगितले. त्या कांडीत साधारण 2 कोटी शुक्राणू असतात, हेही त्यांना ठाऊक होते. मुलगी म्हणाली, “अप्पा, मी तेच तर बघणार आहे.” मला वाटले, गाठ सुटली. पण ते चिडलेच. “जनावराचं वेगळं, माणसाचं वेगळं.”

त्यावर माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते, मुलीपाशी होते. कांडीत कोट्यवधी असूनही म्हैस का उलटते, असे तिने वडिलांनाच विचारले आणि मग समजावून सांगितले, की नुसत्या संख्येवरून काही ठरत नाही. वृषणातून बाहेर पडलेला शुक्राणू लगेच कामाचा नसतो. वृषणाला लागून असलेल्या अधिवृषण नावाच्या नळीत तो पक्व होतो आणि मादीच्या जननमार्गात काही काळ काढल्यावरच त्याला बीजांडात शिरण्याची क्षमता येते. ही गोष्ट 1951 मध्ये अमेरिकेत चँग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे दाखवली. ती कळली नसती, तर 1978 मध्ये इंग्लंडमध्ये पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्माला येणे अवघडच होते. आपल्या मुंबईत 1986 मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी केईएम रुग्णालयात जे बाळ जन्माला आणले, त्यामागे परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचे काम होते. वडील ऐकत होते. (रघुनाथ धोंडो कर्वे यांचा दाखला माझ्या ओठांवर आला होता. पण 1921 मध्ये संततिनियमन केंद्र काढणाऱ्या त्या माणसाला या विषयापायी प्राध्यापकी सोडावी लागली, हे ऐकून बापाला धीर येण्याऐवजी धडकीच भरली असती; मी गप्प राहिले.)

मी मात्र माझ्या कामातली एक गोष्ट सांगितली. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये कारणाचा काही वाटा पुरुषाकडे असतो, आणि तरीही सून चार-चार वर्षे दवाखाने आणि देवस्थाने पालथी घालते. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी कोणी करत नाही, कारण घरात तो शब्दच कोणी उच्चारत नाही. आईने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. नणंदेच्या घरी असेच झाले, एवढेच त्या म्हणाल्या. तो धागा मी ओढला नाही. तिथे ओढणे बरे दिसले नसते.

पाव्हण्यांना “मूल न होण्याच्या कारणांवर संशोधन करते” असे सरळ सांगा, असे मी सुचवले. ‘बायोलॉजी’ म्हणून झाकल्यास साखरपुड्यानंतर कोणीतरी इंटरनेटवर तिचे नाव शोधणार आणि मग लपवले होते, याचाच बोभाटा होणार. खरी बोलणी पीएच.डी.च्या पाच वर्षांची आणि मुंबईतल्या मुक्कामाची करावी लागतील, हेही मी बजावले. पुढे एक स्थळ फिरले ते त्याच पाच वर्षांवरून. विषय कोणी काढलाही नाही.

मुलगी मुंबईला गेली. काही महिन्यांनी तिचा फोन आला. गोठवलेले नमुने पूर्ववत करण्याचा सराव चालू होता आणि पहिल्या खेपेला निम्म्याहून कमी शुक्राणू हलले, असे तिने घरी सांगितले होते. वडिलांनी विचारले, “पाणी 37 चंच होतं ना? थर्मामीटर लावलास का हातानंच बघितलंस?”